सहा संस्कार आणि एक सापळा

आमच्या शेजारच्या वाडीतल्या मुलाला या उन्हाळ्यात गुरुदीक्षा मिळाली. चर्चच्या मैदानात मांडव, बँडवाले, लाल लुगड्यांतल्या म्हाताऱ्या पुढच्या रांगेत, आणि संतांची नावं एकामागून एक गायली जात असताना वेदीपुढे पालथा पडलेला तो. विधी आटोपल्यावर नव्या फादरांचा पहिला आशीर्वाद घ्यायला रांग लागली. ज्यांनी त्याला बावखलात पोहायला शिकवलं, कैऱ्या पाडताना पकडून त्याचा कान पिळला, ती सगळी माणसं आता 'फादर, फादर' करत त्याच्यापुढे गुडघे टेकत होती. काल रात्रीपर्यंत 'अरे', आज 'तुम्ही'. यात ढोंग नसतं. आमच्याकडे हा बदल एका संध्याकाळीत होतो आणि कुणाची जीभ अडखळत नाही. माझा नंबर आला. त्यानं डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद पुटपुटला, मग रीतीप्रमाणे तळहात पुढे केले. बिशपांनी तासाभरापूर्वी लावलेल्या पवित्र तेलाचा वास त्या हातांना अजून होता, आणि त्याखाली मे महिन्यातल्या घामाचाही. तळहातांचं चुंबन घेऊन मी उठायला लागलो तसा तो वाकला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "अंकल, तुम्हाला कसं कळलं होतं?"

मागच्या मावशींनी कोपरानं ढकललं. रांग पुढे सरकली.

मी ऐन तारुण्यात गोरेगावच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, होतो आणि गुरुदीक्षेआधीच परत आलो, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा प्रश्न कशाबद्दल होता ते स्पष्टच होतं. अस्पष्ट होतं ते एवढंच, की तासाभरापूर्वी फादर झालेल्या माणसाला हे आत्ता का विचारावंसं वाटलं. शंका म्हणून? की रांगेतल्या प्रत्येकाशी काहीतरी आपुलकीचं बोलायचं म्हणून माझ्या वाट्याला हे आलं? जेवणावळीत माझ्या बाजूला बसलेले गृहस्थ वाढप्याशी मटणाच्या तुकड्यांवरून हुज्जत घालत होते आणि मी मात्र मनातल्या मनात उत्तराची जुळवाजुळव करत होतो. इतक्या वर्षांत लोकांनी मला 'का सोडलंस' असं आडून आडून पुष्कळदा विचारलंय. कसं कळलं, हे कुणी विचारलं नव्हतं.

कळण्याच्या आधी जाणं आलं. मी गेलो कसा, तेही काही फार गूढ नाही. सायंकाळी सात वाजता वसईतल्या आमच्या पट्ट्यात घराघरांतून रोझरीचा आवाज यायचा, आणि आमची आजी शेवटी एक जादा 'हे आमच्या स्वर्गातील बापा' लावायची : 'घरात एक फादर मिळू दे' म्हणून. ईस्टरकाळातला चौथा रविवार पाचारणाचा, म्हणजे देवाच्या बोलावण्याचा. १९६४पासून जगभर त्या दिवशी धर्मगुरू आणि धर्मभगिनी मिळाव्यात म्हणून प्रार्थना होते. आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी प्रवचनानंतर 'कोणाकोणाला फादर व्हावंसं वाटतं?' असं विचारलं जायचं आणि वेदीसेवकांच्या बाकावरून पहिला हात माझा वर जायचा. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते मला आवडायचं. मग पाचारण शिबिर, तिथलं फुटबॉल, रात्रीची शेकोटी. मग घरी येऊन गेलेले फादर, त्यांच्यासाठी कपाटातून काढलेले सोनेरी काठाचे कप. घराला फादर मिळणं म्हणजे काय हे वसईत वाढलेल्यालाच कळेल. त्यात पैसा नसतो, पण भावंडांच्या सोयरिकींपासून वाडीच्या बांधाच्या भांडणापर्यंत सगळीकडे त्या एका माणसाचं वजन पडतं. अशा घरात देवाचा आवाज कुठला आणि आजीचा कुठला, हे सोळा-सतराव्या वर्षी वेगळं काढून दाखवा.

त्यात आमच्या पिढीवर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची छाप. 'सुवार्ता' मासिकाचा अंक घरी यायचा. त्यातलं त्यांचं लिहिणं वडील मोठ्यानं वाचायचे. पुढे हरित वसईच्या चळवळीत त्यांना हजारोंच्या सभेपुढे बोलताना आम्ही पाहिलं. माडावर चढलेली पोरं, ओट्यांवर उभ्या बाया, आणि पांढऱ्या झग्यातला तो एक माणूस मराठीत असं बोलतोय की जमिनीची दलाली करणाऱ्यांनाही ऐकून घ्यावं लागतंय. २०२०मध्ये ते धाराशिवला (तेव्हाचं उस्मानाबाद) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आम्हाला अभिमान वाटला, पण आश्चर्य नाही. धर्मगुरू म्हणजे हे, असंच आम्ही धरून चाललो होतो. मी सेमिनरीत निघालो तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन चादरी, प्रार्थनेचं पुस्तक आणि मनात अशी एक सभा होती.

सेमिनरीतलं आयुष्य वाईट नव्हतं. पहाटेची घंटा, ध्यान, मिस्सा (चर्चमधली उपासना), तत्त्वज्ञानाचे तास, संध्याकाळी चिखलात फुटबॉल, रात्रीच्या प्रार्थनेनंतरचं मौन आणि त्या मौनात हायवेवरच्या ट्रकांचा आवाज. वांद्र्याची पोरं इंग्रजीत विनोद करायची आणि आम्ही वसईवाले अर्धा क्षण उशिरा हसायचो. मी परीक्षा इंग्रजीत द्यायचो, प्रार्थना मराठीत करायचो आणि झोपेत बडबडायचो ती आमच्या सामवेदी बोलीत. असं खोलीतला मित्र सांगायचा. माझे आध्यात्मिक मार्गदर्शक एक वयस्कर फादर होते. त्यांना माझ्या धर्मशास्त्रातल्या शंकांत काडीचा रस नसे. महिन्याकाठी भेट झाली की एकच विचारायचे : प्रार्थना संपल्यावर काय उरलं? प्रार्थनेत काय वाटलं ते नको, नंतर काय उरलं ते लिही. त्यासाठी मला त्यांनी एक दोनशेपानी वही घ्यायला लावली.

ही युक्ती त्यांची नव्हती, येशूसंघ (जेझुइट संघ) स्थापणाऱ्या संत इग्नेशियसची होती. १५२१मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडून हा सरदार घरी खाटेवर पडला. वाचायला त्यानं शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात होतं फक्त येशूचं चरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवी. एकात तो पराक्रम गाजवून एका थोर घराण्यातल्या स्त्रीचं मन जिंकतोय. दुसऱ्यात तो संतांसारखा अनवाणी जेरुसलेमला निघालाय. दोन्ही रंगवताना मजा सारखीच यायची. फरक नंतर कळायचा. पहिलं स्वप्न संपलं की मन कोरडं पडायचं, दुसऱ्याचा गोडवा मागे राहायचा. एवढ्या एका निरीक्षणावर त्यानं पुढचं सगळं उभं केलं. मला हा माणूस यासाठी आवडतो, की त्यानं आकाशवाणीची वाट पाहिली नाही. स्वतःच्या दिवास्वप्नांचा हिशेब ठेवला.

मी हिशेब ठेवायला लागलो आणि वहीत भलतंच दिसू लागलं.

धर्मगुरू होण्याची जी चित्रं मी रंगवत होतो, त्यांत माझी पहिली मिस्सा होती, बँड होता, प्रवचनाला स्तब्ध झालेलं चर्च होतं, आणि ती सभा तर होतीच. ती चित्रं संपली की उरायचं काय? घशाला कोरड, आणि पुन्हा तेच चित्र बघण्याची हाव. एकदा मुद्दाम दुसरं चित्र काढून पाहिलं : जव्हारच्या बाजूचं एखादं लहान मिशन, मंगळवारची दुपार, मिस्साला चारजण, संध्याकाळी एकट्याचं जेवण. तिथे मी दोन मिनिटंही टिकलो नाही. आणि अशा मंगळवारच्या दुपारी तर धर्मगुरूच्या आयुष्यात बक्कळ असतात, त्यावरच ते आयुष्य उभं असतं. उलट, आठवड्यातून एकदा आम्हाला एका सरकारी इस्पितळात पाठवायचे. तिथे पुरुषांच्या जनरल वॉर्डात मी पेशंटांची पत्रं लिहून द्यायचो, मनीऑर्डरचे फॉर्म भरायचो. जौनपूर, आझमगड, दरभंगा. 'मी बरा आहे, काळजी नसावी' असं पाय कापलेला माणूस मला सांगायचा आणि मी ते लिहायचो. फिनेलचा वास, टपकणारा नळ, शाई फुटणारं पेन. त्यात पवित्र वाटावं असं काही नव्हतं, पण पुढे तीन-चार दिवस वहीत त्याचाच गोडवा सापडायचा. इग्नेशियसच्या बाबतीत संतपण उरलं आणि सरदारकी विरली. माझ्या बाबतीत फादर होण्याचं स्वप्न हीच माझी सरदारकी होती.

हे दिसलं म्हणून लगेच ट्रंक भरली असं झालं नाही. मार्गदर्शकांनीच अडवलं. मन उदास असताना आधीचा निर्णय मोडायचा नाही, असा त्या परंपरेतला नियम आहे आणि मी त्या काळात पुरता उदास होतो. थांबलो. बरं वाटायला लागल्यावर त्यांनी मला इग्नेशियसनंच सुचवलेल्या दोन कसोट्या दिल्या. पहिली : तू मरणशय्येवर आहेस असं समज, तेव्हा तुला काय निवडलेलं असायला आवडेल? बाविशीच्या पोराला मरणशय्या कुठली दिसते. मी खाटेवर झोपलो आणि खरोखरच झोप लागली. दुसरी : तुला अजिबात न ओळखणारा एक माणूस तुझ्यापुढे बसलाय, त्यानं तुझी ही वही वाचून दाखवली, तर तू त्याला काय सल्ला देशील? मी म्हणालो, "घरी जा म्हणेन." वाक्य तोंडून निघून गेल्यावर मला ऐकू आलं. फादर काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

तर नव्या फादरांना द्यायचं उत्तर खरं तर हे. पण रांगेत एवढं कोण सांगणार. आणि दुसरंही एक आहे. त्या 'घरी जा'मध्ये देव किती होता आणि मंगळवारच्या दुपारची भीती किती होती, याची वाटणी मला आजही छातीठोकपणे करता येत नाही. मुलीच्या प्रेमात पडून परत आलो असतो तर लोकांना समजायला सोपं गेलं असतं. तशी मुलगी कुणी नव्हती. गावानं मात्र दोन-तीन नावं तयार ठेवली होती.

शाळेत ज्ञानेश्वरांची गोष्ट शिकताना विठ्ठलपंतांशी माझं काही देणंघेणं असेल असं वाटलं नव्हतं. काशीला जाऊन संन्यास घेतला. घरी बायको आहे हे गुरूंना कळलं आणि गुरूंनीच 'परत जा, संसार कर' म्हणून आळंदीला पाठवलं. गुरूची आज्ञा पाळली आणि गावानं वाळीत टाकलं. पुढची चार मुलं कोण, ते कुणाला सांगायला नको. माझ्यावर कुणी बहिष्कार टाकला नाही. उलट सगळे जरा जास्तच गोड बोलायला लागले. बाजारात भेटणारे 'काय मग, आता पुढे काय?' असं अशा सुरात विचारायचे, की घरात कुणी दगावलंय. आई आठवडाभर स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. वडील म्हणाले, "उद्यापासून केळीला पाणी तू सोड," आणि तो विषय त्यांनी तिथेच मिटवला. आजीचं वेगळंच. ती रोझरीच्या शेवटी जादा 'बापा' लावायची ते तिनं बंद केलं नाही. मी म्हटलं, आजी, आता कशाला? म्हणाली, "मागितलंय तर मागितलंय. कुठल्या घरात द्यायचा ते तो बघेल." आता ज्याच्यापुढे मी गुडघे टेकले तो शेजारच्याच वाडीतला. आजी असती तर तिनं याचं श्रेय नक्की घेतलं असतं.

पुढे मी बँकेत लागलो, एका सरकारी बँकेच्या आमच्याच भागातल्या शाखेत. इथे काही साक्षात्कार झाला नाही. नोकरी हवी होती, परीक्षा दिली, लागली. पण नोव्हेंबर महिना मला फार आवडतो. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. २०१४पासून तो आधारवर, बोटाच्या ठशानं देता येतो. आता आमच्याकडच्या बायांची बोटं बघा. जन्मभर केळीचे घड उतरवलेली, मोगरा खुडलेली, पहाटेच्या विरार लोकलनं दादरला फुलांच्या पाट्या नेलेली. त्या बोटांना रेघा राहिलेल्या नाहीत. मशीन म्हणतं, जुळत नाही. उजवा अंगठा, डावा अंगठा, तर्जनी, अनामिका. ओल्या फडक्यानं पुसून, क्रीम चोळून. कधी करंगळी जुळते आणि मागची रांग 'झालं, झालं' करते. गेल्या वर्षी एक मावशी आल्या, रेल्वेच्या गँगमनची विधवा, ऐंशी उलटलेली. एकही बोट लागेना. मग मोबाइलवर चेहऱ्याची ओळख. त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते. मावशींना वाटलं फोटो काढतायत, म्हणून त्या पापणी न हलवता ताठ बसल्या. मी म्हणतोय डोळे मिटा, त्या म्हणतात फोटो बिघडेल. शेवटी मीच त्यांच्यासमोर डोळे मिचकावत बसलो आणि मला हसताना त्यांची पापणी लवली. त्यापुढचा प्रश्न मला कायद्यानं विचारावा लागतो, कारण ही विधवेची पेन्शन : "मावशी, पुन्हा लग्न केलंय का?"

"तुझ्या बघण्यात आहे का कोणी?" मावशी म्हणाल्या.

अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी मी मशीन घेऊन जातो. बँकेच्या नियमात ते बसतं, पण बसवणारा लागतो. एका घरात पलंगावरच्या आजोबांचा दाखला झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "झालो का मी जिवंत?" मी म्हटलं, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत. अशा दिवशी घरी आल्यावर मी अजूनही कधीकधी वही काढतो. तीच सवय. काय उरलं?

संत गोन्सालो गार्सियाबद्दल आमच्या वसईत जे सांगतात त्यात मला नेहमी एक भाग घाईनं उरकल्यासारखा वाटतो. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांकडे शिकलेला मुलगा, भारतात जन्मलेला पहिला संत, १५९७मध्ये नागासाकीला क्रुसावर दिलेले प्राण, १८६२मध्ये संतपद. गासचं चर्च त्याच्या नावाचं, वसईतलं कॉलेज त्याच्या नावाचं, दरवर्षी सण. मधला भाग असा, की तो जपानमध्ये येशूसंघीयांचा मदतनीस म्हणून वर्षानुवर्षं राबला, त्यांच्या संघात घ्या म्हणून विनवत राहिला आणि त्यांनी त्याला घेतलं नाही. मग त्यानं काय केलं? व्यापार. दुकानदारी. त्यातच जपानी लोकांत मिसळला, भाषा आणखी पक्की झाली. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात गेला तोही साधा ब्रदर म्हणून. धर्मगुरू तो कधीच नव्हता. जपानच्या सत्ताधीशापुढे फ्रान्सिस्कनांना बोलायचं होतं तेव्हा दुभाष्या म्हणून पुढे झाला तो हा नाकारलेला वसईकर. प्रवचनात आम्ही क्रूस ऐकतो. त्या दुकानात माल मोजताना त्याला काय वाटत असेल, यावर कुणी बोलत नाही. आपण नाकारले गेलो याचा राग येत असेल का? रात्री झोपताना 'उद्या पुन्हा विचारून बघू' असं म्हणत असेल का? मला तो क्रुसावर जितका कळत नाही तितका गल्ल्यावर कळतो.

प्रापंचिकांबद्दल चर्च कागदावर फार सुंदर बोलतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४मध्येच लिहून ठेवलंय की पावित्र्याचं बोलावणं सगळ्यांना आहे, फक्त झगा घातलेल्यांना नाही. पुढच्या वर्षी प्रापंचिकांच्या कार्यावर वेगळा दस्तऐवजच काढला. प्रत्यक्षात धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मला मिळालेली कामं सांगतो : दानाची पिशवी फिरवणं, सणाच्या दिवशी पार्किंग, माइकची वायर, मांडववाल्याशी घासाघीस. चांगला शिकलेला असशील तर वाचन कर. आणि मी सेमिनरीतला म्हणून मला बढती : ख्रिस्तप्रसाद वाटायला उभं राहायचं. करतो मी हे सगळं, आवडीनं करतो. पण आपल्याला प्रापंचिक माणूस धर्मगुरूच्या शक्य तितका जवळ उभा राहिला की तो भाविक वाटतो, हे काही बरोबर नाही. वॉर्ड ऑफिसात टेबलाखालून पैसे न घेणारा माझा एक वर्गमित्र आहे. त्यानं त्यापायी बदल्या सोसल्या. त्याला चर्चमध्ये कुणी पुढच्या बाकावर बोलावलेलं मी पाहिलं नाही. तो मागे खांबाशी उभा असतो आणि प्रवचन लांबलं की बाहेर जाऊन सिगारेट ओढतो. हे मी धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत बोलून दाखवलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली आणि विषयपत्रिकेवरचा पुढचा विषय घेतला : सणासाठी मांडव किती फुटी.

असं असूनही, माझ्याबरोबरचा कुणी वेदीवर भाकर वर उचलतो तेव्हा पोटात एक बारीक कळ येते. इतक्या वर्षांनीही. बायकोला ती माझ्या खांद्यांवरून कळते.

दीक्षेनंतर काही महिन्यांनी एका रात्री नव्या फादरांचा फोन आला. त्यांना डोंगराकडच्या मिशनमध्ये नेमलंय; रेंज येत-जात होती. मी सावरून बसलो, आता तो विषय निघणार. त्यांचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या खात्याला नॉमिनी लावलेला नव्हता, आणि आई बँकेत एकटी जायला घाबरते. "अंकल, तुम्ही जाल का तिच्याबरोबर?" गेलो. मृत्यूचा दाखला, वारसांची संमतीपत्रं, हमीपत्र, सह्या. धाकट्या बहिणीची सही दुबईहून मागवावी लागली. खातं मोकळं झाल्याचं कळवायला मी फोन केला तेव्हा मात्र राहवलं नाही. म्हटलं, फादर, त्या दिवशी तुम्ही मला काहीतरी विचारलं होतंत. ते हसले. म्हणाले, "मला फक्त बघायचं होतं, कळतं का कुणाला." मी म्हटलं, मंगळवारची दुपार कशी जाते तिकडे? "शेळी हरवली म्हणून आलेत दोघं, मिटवतोय. ठेवतो." त्या आवाजात कंटाळा नव्हता. मला तो बोलावण्याच्या गोष्टीपेक्षा जास्त पटला.

माझं लग्न त्या सगळ्या प्रकरणानंतर बऱ्याच वर्षांनी झालं. बायको माणिकपूरची, शाळेत गणित शिकवते. तिला मी सुरुवातीलाच फ्रेडरिक ओझानामची गोष्ट सांगितली होती, ती जरा शहाणपणा मिरवायला. पॅरिसच्या या विद्यार्थ्याला आणि त्याच्या मित्रांना एका वादसभेत कुणीतरी ठणकावलं, तुमच्या धर्मानं पूर्वी केलं असेल पुष्कळ, आज तुम्ही काय करता? उत्तर नव्हतं. १८३३ साल होतं. या पोरांनी आपल्याकडचं उरलेलं जळाऊ लाकूड उचलून एका घरी पोचवलं, आणि सिस्टर रोझली नावाच्या धर्मभगिनीकडून गरिबांच्या घरी कसं जायचं ते शिकून घेतलं. त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी झाली. ओझानामनंही आपण संघात जावं की काय याचा घोळ पुष्कळ घातला, आणि १८४१मध्ये लग्न केलं. त्याचा मित्र लाकोर्देर हा डॉमिनिकन धर्मगुरू. असं सांगतात, की तो हळहळला : बिचारा ओझानाम सापळ्यात अडकला. हे पोप नववे पायस यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, मला वाटत होतं ख्रिस्तानं सात संस्कार स्थापले (लग्न हा आमच्याकडे त्यांतलाच एक). आता कळलं की सहा संस्कार आणि एक सापळा. ओझानाम चाळिसाव्या वर्षी गेला. १९९७मध्ये त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, सापळ्यासकट.

बायकोनं ही गोष्ट एकदा ऐकली आणि कायमची उचलली. "सापळ्यात आज कोलंबी आणायची आहे," असा फोन येतो. मुलगी लहान असताना तिला वाटायचं आमच्या घराचं नावच ते आहे.

आम्ही दोघंही सोसायटीच्या आमच्या गावच्या शाखेत आहोत. कामाची पद्धत ओझानामच्या वेळचीच : दोघांनी मिळून घरी जायचं, बसायचं, ऐकायचं, परत येऊन बैठकीत मांडायचं, आणि कुणाला काय दिलं ते बाहेर बोलायचं नाही. म्हणून इथेही तपशील सांगत नाही. एवढंच, की सध्या एक कुटुंब आहे, बाप अर्धांगवायूनं पडलेला, खोलीचं भाडं थकलेलं, आणि मुलीची अकरावीची फी भरायची मुदत जवळ आलेली. शाखेच्या पेटीत दोन्हींना पुरतील एवढे पैसे नाहीत. आमचे खजिनदार रेल्वेतून निवृत्त झालेले, हिशेबाला वाघ. ते म्हणतात भाडं आधी. डोक्यावर छप्पर नसेल तर अकरावी कसली. बायको म्हणते फी आधी. घरमालक महिनाभर शिव्या देईल पण काढणार नाही, कॉलेज मात्र नाव कापेल. मागच्या रविवारी यावरून बरंच वाजलं. आवाज चढले. मी म्हटलं, आपण तापलेलो असताना ठरवायला नको, जरा चहा घेऊ. आणि मग असा विचार करू, की आपल्याला यातलं कुणीच ओळखीचं नाही, एका परक्या माणसानं सल्ला मागितला तर काय सांगू?

खजिनदार माझ्याकडे बघत राहिले. "तुमचं सेमिनरी इथे नको," म्हणाले, "आकडा बोला."

मी फीचा आकडा बोललो. ते म्हणाले, अर्धी. उरलेल्यासाठी बायको आता कॉलेजच्या प्राचार्यांना भेटायला जाणार आहे, आणि मी घरमालकाला. तो पूर्वी आमच्या बँकेच्या शाखेत कर्जासाठी येऊन गेलाय, तेव्हा निदान चहा तरी देईल.